274 चंद्रांचा घुम्या

इंग्रजांना कुंडली मांडता येत नसली तरी माणसांना ग्रहांच्या नावानं हाक मारायची त्यांची हौस जुनी आहे. गुरूचा माणूस जोव्हियल, म्हणजे खाऊनपिऊन सुखी, चारचौघांत रमणारा. बुधाचा मर्क्युरिअल, म्हणजे सकाळी एक बोलेल आणि दुपारी दुसरंच. मंगळाचा मार्शल, त्याच्या नादी लागू नये. चंद्रानं ज्याचं डोकं फिरवलं तो लुनॅटिक. शुक्रावरूनही एक शब्द आहे, पण तो अकरावीच्या वर्गात सांगता येत नाही. सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर ज्या रोगांची नावं रंगवलेली असतात, त्यांच्या मथळ्यात तो सापडेल. आणि शनीचा जो, तो सॅटर्नाइन.

बाकीचे सगळे पोरांना पटापट समजतात. जोव्हियल म्हटलं की पोरं शिपायाकडे बोट दाखवतात, मर्क्युरिअल म्हटलं की माझ्याकडे बघून गप्प बसतात. सॅटर्नाइनपाशी मात्र गाडी अडते. शब्दकोशात एकाखाली एक अर्थ दिलेले असतात: उदास, मंद, थंड, कडवट, अबोल. एकाच माणसात इतकं सगळं कसं मावेल, असं शब्दकोश वाचून वाटतं. चामोर्शी तालुक्यातल्या वर्गाला तसं वाटत नाही. प्रत्येकाकडे आपापला उमेदवार तयार असतो. मागच्या बाकावरून ‘घुम्या’ येतो, खिडकीजवळून ‘तोंडपाड्या’. एकजण उभा राहून शांतपणे म्हणतो, ‘मॅडम, एरंडेल पिऊन बसलेला.’ मुलींच्या बाजूनं आवाज येतो, ‘आमचा जिजा!’ मग अर्धा तास जिजांवर जातो.

‘थंड’ला तेवढी वर्गाची हरकत असते. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीचा पारा सेहेचाळीस-सत्तेचाळीसवर जातो. अशा मुलखात अमुक माणूस थंड आहे असं कळलं, तर लोक सतरंजी घेऊन त्याच्या शेजारी जाऊन बसतील.

पण खरी पंचाईत शनीचीच. शनीची इथल्या पोराला कुणी ओळख करून द्यावी लागत नाही. दर शनिवारी दुकानाच्या चौकटीवर नवं लिंबू-मिरची लटकतं, मारुतीला रुईच्या पानांची माळ पडते, घरात त्या दिवशी तेल आणि लोखंड विकत आणायचं नसतं, न्हाव्याकडे जायचं नसतं. एवढी आठवड्याची हजेरी असलेला ग्रह दुसरा नाही. तरीही शनी म्हटल्यावर वर्गाला जो माणूस दिसतो तो इंग्रजांच्या माणसाहून अगदी निराळा. आपल्याकडे ज्याच्या मागे शनी लागला तो तोंड पाडून बसतो. म्हैस आटली, बोअर कोरडी गेली, बदली भामरागडला झाली, की चेहरा उतरतो आणि लोक समजून घेतात. शनी त्याच्या पाठीवर बसलाय, आज ना उद्या उतरेल. इंग्रजांचा शनी पोटात असतो. जन्माच्या वेळी एकदा आत शिरला की मरेपर्यंत तिथंच. त्यांचा शनी कायम नोकरीतला आणि आपला कंत्राटी, एवढाच फरक आहे म्हणा ना.

आणि कंत्राटाची मुदतही ठरलेली. शनीला सूर्याभोवती एक फेरा घ्यायला साडेएकोणतीस वर्षं लागतात. धरा तीस. राशी बारा, म्हणजे एका राशीत मुक्काम अडीच वर्षं. आपल्या मागची रास, आपली रास आणि पुढची रास, मिळून साडेसात. हा झाला साडेसातीचा हिशोब. यातली गंमत अशी की कुठल्याही वेळी बारापैकी तीन राशींना साडेसाती चालूच असते. म्हणजे चामोर्शीहून गडचिरोलीला जाणाऱ्या एसटीत चाळीस माणसं असली तर त्यातल्या दहाएकांच्या पाठीवर शनी बसलेला असतो, आणि तिकीट मात्र कुणीच त्याचं काढलेलं नसतं. उरलेल्या तिसांपैकी काहींना अडीचकी असते. कंडक्टर असा का वागतो, ते यावरून समजून घ्यावं.

शनीवर विनोद करताना आपण जरा जपून असावं, हे मला ठाऊक आहे. शनिमाहात्म्य ज्यांच्या घरी शनिवारी वाचलं जातं त्यांना राजा विक्रमाचं काय झालं ते पाठ आहे. दरबारात पंडित एकेका ग्रहाचं कौतुक करत होते, शनीची पाळी आली आणि राजा हसला. नेमका त्याच वेळी शनी वरून चालला होता. पुढे भिंतीवरच्या चित्रातल्या हंसानं मोत्यांचा हार गिळला, आळ विक्रमावर आला, हातपाय तोडले गेले आणि उज्जैनचा राजा तेल्याच्या घाण्यावर बसला. नऊ ग्रहांच्या यादीत आठांना टीका चालते की नाही कोण जाणे, पण ज्याच्यावर हसलं तोच नेमका ऐकत होता. प्रत्येक कचेरीत हा अनुभव येतो.

त्यामुळे सॅटर्नाइनचं उदाहरण म्हणून मी ग्रहाला हात लावत नाही. माझ्याकडे घरचं उदाहरण आहे. आमचे मामाजी. पुण्यामुंबईच्या वाचकांसाठी सांगते, विदर्भात सासऱ्यांना मामाजी म्हणतात, आणि या हाकेतला ‘जी’ सोडायची सोय नसते.

मामाजी वनखात्यातून राउंड ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. उमर सारी सागवानात गेली. उभं झाड बघून त्यातून किती घनमीटर निघेल ते सांगायचं, तोडलेल्या लाकडाच्या मध्यावर टेप लावून गोलाई घ्यायची, टोकावर हातोड्याचा ठसा मारायचा, डेपोत थप्प्या लावायच्या, लिलावाच्या दिवशी व्यापाऱ्यांच्या तोंडाकडे न बघता उभं राहायचं. या कामात हसण्यासारखं काही नसतं. शिवाय हसऱ्या राउंड ऑफिसरला लाकूडवाले चहा पाजतात, आणि त्या चहाचा हिशोब पुढे कधीतरी निघतो. म्हणून मामाजींनी नोकरीच्या सुरुवातीलाच एक चेहरा धारण केला. निवृत्तीच्या दिवशी टॉर्च, हातोडा, नोंदवह्या सगळं सही घेऊन जमा केलं. चेहरा जमा करायचा राहून गेला.

मला पाहायला आले तेव्हा त्यांनी मान उचलून एकदाच बघितलं, आणि आता हे माझी गोलाई मोजून मला थप्पीत लावणार अशी माझी खात्री झाली. निकाल एका शब्दाचा आला: ‘चालते.’ माझ्या आईनं तो नकार समजून ताट उचलायला घेतलं. तेव्हा सासूबाईंनी घाईघाईनं समजावलं की हा होकार आहे, आणि बऱ्यापैकी जोरदार होकार आहे. मामाजींच्या कौतुकाला तीन पायऱ्या आहेत. ‘चालते’ ही पहिली, ‘बरा हाये’ ही दुसरी, आणि काहीच न बोलणं ही सगळ्यात वरची. आजवर तिसरी पायरी फक्त आलापल्लीच्या एका सागाला मिळाली आहे.

असा माणूस घरात असला की लोक आपली कीव करतात. मीही सुरुवातीला स्वतःची केली. मग हळूहळू लक्षात आलं की गावाचं या चेहऱ्यावाचून चालत नाही. कुणी गेलं की पहिला निरोप मामाजींना येतो. बाकीच्यांना मयतीला निघताना चेहरा करावा लागतो. वाटेत कुणी भेटतं, धानाच्या भावाचा विषय निघतो, चेहरा सुटतो, दारात पोहोचताना पुन्हा आवळावा लागतो. मामाजींचा तयारच असतो. ते नुसते अंगणात येऊन उभे राहिले की घरच्यांना आपल्या दुःखाची कुणीतरी बरोबर नोंद घेतली असं वाटतं. लग्नातही त्यांना मागणी आहे. मुलीकडचे त्यांना मांडवाच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसवतात. वरपक्षाला आयत्या वेळी ज्या गोष्टी आठवतात, मोटारसायकल वगैरे, त्या मामाजींसमोरून आत जाता जाता विसरल्या जातात.

आणि किल्ल्या. देवळाची पेटी, भजनी मंडळाची भांडी, शाळेच्या स्नेहसंमेलनाची वर्गणी, सगळ्यांच्या किल्ल्या मामाजींकडे. हसऱ्या माणसाकडे पैसे ठेवायला आपल्या लोकांचं मन धजत नाही. विचार करून बघा. पोटाचं ऑपरेशन करणारा सर्जन तुम्हाला विनोदी आवडेल का? एसटीचा ड्रायव्हर घाटात किस्से सांगणारा चालेल? आपण दिवसभर हसऱ्या माणसांची तारीफ करतो आणि संध्याकाळी पैसे, किल्ल्या आणि जीव घुम्यांच्या हवाली करून झोपतो. एरंडेल प्यायलेला चेहरा हा स्वभाव कमी आणि हुद्दा जास्त आहे. आपणच तो एकेकाला नेमून देतो, आणि मग तो हसत नाही म्हणून कुरकुरतो.

युरोपात ही गोष्ट एका चित्रकारानं पाचशे वर्षांपूर्वीच टिपून ठेवली आहे. आल्ब्रेख्ट ड्यूररनं 1514 साली उदासीचं एक चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरलं. पंख असलेली एक बाई गालाला हात लावून बसली आहे, भोवती अवजारं विखुरलेली, काम कशातच नाही. थेट शनीची लेक. पण तिच्या कमरेकडे बघा: किल्ल्यांचा जुडगा आणि पैशांचा बटवा! भजनी मंडळाची भांडी तिच्याकडेच असणार. तिच्या मागच्या भिंतीवर सोळा घरांचं एक जादूचं कोष्टक आहे. उभी, आडवी, तिरपी, कशीही बेरीज करा, 34 येते, आणि शेवटच्या ओळीच्या मध्यभागी 15 आणि 14 शेजारीशेजारी बसवून त्यानं चित्राचं सालही घातलंय. हे कोष्टक त्या काळी गुरूचं मानत. शनीची पीडा गुरूनं उतरवायची! म्हणजे आपल्या नाक्यावरचा जोशी आणि न्यूरेंबर्गचा ड्यूरर एकच उपाय सांगत होते, दक्षिणेचाच काय तो फरक. खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरातही 34 च्या बेरजेचं असं एक कोष्टक त्याच्या शेकडो वर्षं आधी कोरलेलं आहे, ते आणखी वेगळंच.

त्याच सुमारास इटलीत, फ्लॉरेन्सला, मार्सिलिओ फिचिनो नावाचा पंडित होता. आपल्या पत्रिकेतला शनी आपल्याला छळतो असं तो आयुष्यभर सांगत राहिला. 1489 साली त्यानं ग्रंथच लिहिला: वाचणारे-लिहिणारे लोक शनीच्या ताब्यात असतात, त्यांच्या अंगात काळं पित्त साचतं, त्यांनी गाणं ऐकावं, सुगंध घ्यावा, ऊन खावं. उन्हाचा उपाय त्यानं गडचिरोलीत राहून लिहिला नाही हे उघड आहे. काळ्या पित्ताच्या ग्रीक नावावरूनच मेलँकली हा शब्द आला. शनीचा धातू म्हणून युरोपातल्या लोकांनी शिसं निवडलं, कारण जड, मऊ आणि निस्तेज. शिशाची विषबाधा झाली तर तिलाही डॉक्टर लोक शनीचंच नाव देत. आपण शनीला लोखंड दिलं. काळ्या घोड्याच्या नालेची अंगठी घालून लोक त्याला शांत करतात. आमच्याकडे त्याचीही गरज राहिलेली नाही. सुरजागडचं लोहखनिज भरलेले ट्रक आष्टीच्या रस्त्यानं रात्रंदिवस इतके धावतात, की साऱ्या तालुक्याच्या बोटांत अंगठी घातल्यासारखीच आहे.

भजनी मंडळ, देऊळ, शाळा झाली, पण मामाजींचा खरा कस लागतो तो मंडईत. दिवाळी झाली की आमच्या या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, पाहुणे येतात, आणि रात्री नाटक. वडशाच्या नाटक कंपन्या होळीपर्यंत गावोगाव फिरत असतात, नाटक रात्री सुरू होतं आणि उजाडता संपतं. पाहुण्यांत सोयरिकीही जुळतात, त्यामुळे अर्धे प्रेक्षक रंगमंचाकडे बघतात आणि अर्धे एकमेकांच्या मुलींकडे. या मुलखाला हसायचं वावडं मुळीच नाही. झाडीपट्टीतल्या विनोदी नटाला, परशुराम खुणे यांना, 2023 साली पद्मश्री मिळाली. नाटकात रडारड कितीही असो, कॉमेडियनची एंट्री झाली की मंडपात शिट्ट्यांचा पाऊस पडतो. आणि अशा मंडपाच्या तिकिटाच्या दारावर, खजिनदार म्हणून, मामाजी.

गर्दी आत गेली की ते पेटी मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत कडेला बसतात. एका कंपनीचा कॉमेडियन एकदा त्यांच्यावर भाळला. सारा मंडप लोळतोय आणि समोर हा एक चेहरा, हलत नाही. नटानं आपला सगळा माल काढला. धोतर सुटलं, पुन्हा नेसलं, पुन्हा सुटलं, खलनायकाच्या वाट्याचे संवादही त्यानं बोलून टाकले, प्रॉम्प्टरनं पुस्तक मिटलं. मामाजी पेटीवर हात ठेवून बसलेले. पहाटे पडदा पडल्यावर रंग न उतरवताच तो खाली आला आणि पाया पडून म्हणाला, ‘बाबूजी, कसा वाटला?’ मामाजींनी क्षणभर विचार केला. ‘बरा हाये.’ शेजारच्यानं त्याला पायऱ्यांचा हिशोब समजावला तेव्हा त्या गड्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पुढच्या साली त्यानं त्या गावचं नाटक जरा कमी पैशांत घेतलं असं म्हणतात. खजिनदार म्हणून मामाजींनी हा फायदा वहीत ‘इतर’ या सदरात दाखवला.

महाशिवरात्रीला आम्ही मार्कंड्याला जातो. चामोर्शीपासून जवळच, वैनगंगेच्या काठावर. एरवी दक्षिणेकडे धावणारी ही नदी इथं वळसा घेऊन उत्तरेकडे वाहते, आणि नदी माहेराकडे वळली की जागा पवित्र होते, म्हणून विदर्भाची काशी. यात्रा मोठी असते. गडचिरोली आणि चंद्रपूर, दोन्ही जिल्ह्यांतून लोक येतात, चंद्रपूरकडचे नदी ओलांडून. नदीत अंघोळ, रांगेत दर्शन, मग पाळणे, बांगड्या, लाह्या-बत्तासे. देवळांच्या भिंतींवर अंगुळभर जागा कोरीवकामावाचून सुटलेली नाही. 1873-74 च्या दौऱ्यात अलेक्झांडर कनिंगहॅम इथं येऊन गेला आणि त्याला खजुराहो आठवलं, तेव्हापासून आम्हीही आल्या पाहुण्याला खजुराहोची आठवण करून देतो. मुख्य देवळाचा जीर्णोद्धार गेली काही वर्षं चालला आहे. त्याची चालही शनैश्चराची, म्हणजे हळूहळू जाणाऱ्याची.

इथली गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. मृकंड ऋषींना मूल नव्हतं. महादेव म्हणाले, गुणी आणि अल्पायुषी हवा की मठ्ठ आणि दीर्घायुषी? ऋषींनी गुणी मागितला. (आजचे पालक गुणी, दीर्घायुषी आणि मेडिकलला लागलेला मागतील.) सोळावं सरलं, यम न्यायला आला, मार्कंडेयानं शिवलिंगाला मिठी मारली, फास लिंगावर पडला, महादेव प्रकटले आणि यमाला लाथ बसली. पोरगा चिरंजीव झाला. आता मार्कंड्याची खरी गंमत ही की देवळांच्या समूहात मार्कंडेयाच्या नावाचं देऊळ आहे, त्याच्या वडलांच्या नावाचं आहे, शंकराचं आहे, आणि एक यमधर्माच्या नावाचंही आहे. जिथं लाथ खाल्ली तिथंच देऊळ! हरलेल्या उमेदवाराचा पुतळा उभारणारं दुसरं गाव मला माहीत नाही.

लोक यमाच्या देवळाकडे जरा घाईनं हात जोडतात आणि पुढे सरकतात. ओळख वाढवायची तयारी कुणाची नसते. मामाजी तिथं थांबतात. यम हा शनीचा भाऊ, हे विसरून चालणार नाही. दोघंही सूर्याचे मुलगे. यम संज्ञेचा, शनी छायेचा. साऱ्या जगाला उजेड देणाऱ्याच्या घरात दोन्ही पोरं काळी आणि गंभीर निघाली, आणि दोघांना खातीही अशीच मिळाली की पाहुणा म्हणून कुणी बोलावू नये. एकाकडे मुदत संपल्याची नोटीस बजावायचं काम, दुसऱ्याकडे मुदत चालू असताना वसुलीचं. बापाला मात्र रोज सकाळी लोक अर्घ्य देतात.

गेल्या यात्रेत माझ्या मुलानं विचारलं, ‘आबाजी, तुमी याच्या पाया काहून पडता? हा तर व्हिलन हाये.’

मामाजींना इतकं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. ‘त्याची चूक काय गा? तारीख त्यानं ठरवली होती का? वरून यादी आली, हा निघाला. पोरगा लिंगाले मिठी मारून बसलाय, त्याचा याच्याशी काय संबंध? फास बरोबर टाकला होता.’

‘मग महादेवानं लाथ काहून मारली?’

‘वरच्यायचं असंच असते.’

सासूबाईंनी माझा हात दाबला. नंतर बांगड्यांच्या दुकानात त्यांनी खुलासा केला. फार वर्षांपूर्वी एका रात्रीच्या गस्तीत मामाजींनी सागवान भरलेली बंडी पकडली होती. पंचनामा केला, लाकडांची मोजणी केली, बैलांना चारा टाकला, पावतीही फाडली. पहाटे कुण्या वरच्या साहेबांचा निरोप आला की सोडून द्या, माणूस आपला आहे. त्यानं कुणाला मिठी मारली होती ते कळलं नाही. मामाजींनी बंडी सोडली, बैलांच्या चाऱ्याचे पैसे स्वतःच्या खिशातून भरले आणि घरी येऊन एवढंच म्हणाले, ‘पंचनामा बरोबर होता.’ सासूबाईंच्या मते त्या दिवसापासून ते यमाचे भक्त झाले. माझ्या मते त्या दोघांचं सहकाऱ्यांचं नातं आहे.

शनीच्या नजरेची गोष्टही अशीच उलटी वाचता येते. पुराणात सांगतात, शनी ध्यानात बुडाला होता, बायको सजूनधजून समोर आली, यानं मान वर केली नाही. तिनं शाप दिला: तू ज्याच्याकडे बघशील त्याचा नाश होईल. (नवरा बोलताना पेपरातून डोकं काढत नाही, या तक्रारीवर इतकी कडक कारवाई पुढे कुणी केलेली दिसत नाही.) तेव्हापासून शनी मान खाली घालून चालतो. गणपतीचं बारसं निघालं, सगळे देव बाळ बघायला गेले, हा दाराशीच खाली बघत उभा. पार्वतीनं आग्रह केला. नको नको म्हणत यानं डोळ्याच्या कोपऱ्यातून एकदा बघितलं, आणि पुढचं सगळ्यांना माहीत आहे. सोंडेपर्यंत. दोष कुणाचा लागला? शनीचा. आग्रह कुणी केला हे कुणी काढत नाही. चारचौघांत खाली बघणारा, कुणाशी नजर न मिळवणारा माणूस आपल्याला तुसडा वाटतो. तो कदाचित आपलीच काळजी घेत असेल. घरात नवं बाळ आलं की मामाजी पाळण्यापासून चार हात लांब बसतात आणि पाळण्याच्या लाकडाची चौकशी करतात.

रोमन लोकांनी तर आणखीच घोळ घातला. सॅटर्न हा त्यांचा पेरणीचा देव. डिसेंबरच्या मध्यावर त्याचा सण यायचा, आणि तो त्यांच्या वर्षातला सगळ्यात दंग्याचा सण! कोर्टकचेऱ्या बंद, जुगाराला मोकळीक, एकमेकांना भेटी, मालक गुलामांना पंक्तीत वाढायचे. ज्याच्या नावानं सारं शहर नाचायचं, त्याच्याच नावानं इंग्रजीत एरंडेल प्यायलेला माणूस जन्माला आला. आमच्या गावातही नाटकाचा हिशोब ठेवणारा आणि नाटकात न हसणारा माणूस एकच आहे, तेव्हा रोमनांना मी फार बोलत नाही.

मागच्या हिवाळ्यात आकाश दाखवणारी काही हौशी पोरं शाळेच्या मैदानावर दुर्बीण घेऊन आली. शनी लावला होता. रांगेत पहिल्यांदा शाळकरी पोरं, मग बाया, मग ज्यांना साडेसाती आहे ते, बघावं की नको अशा घोळात. नजर चुकवायची सवय असलेल्या ग्रहाला इतक्या लोकांनी एका रात्रीत डोळा लावला नसेल. एका आजीनं आधी दुर्बिणीला हळदकुंकू लावलं. दुर्बीणवाला पोरगा मोठा उत्साही, एकेक माहिती सांगत होता, आणि मला वाटू लागलं की हा ग्रहाबद्दल बोलत नाही, आमच्या घरातलं बोलतोय.

म्हणे शनी दिसतो अवाढव्य, पण पाण्याहून हलका आहे. पुरेसा मोठा तलाव मिळाला तर तरंगेल. (वैनगंगेच्या सगळ्या बांधांना मिळून तो मावणार नाही ते सोडा.) आणि जुन्या लोकांनी त्याला शिसं दिलं होतं! म्हणे सूर्याभोवतीचा फेरा साडेएकोणतीस वर्षांचा, पण स्वतःभोवती तो साडेदहा तासांच्या आतबाहेर गिरकी घेतो, इतकी जोरात की मधोमध फुगून वरखाली चपटा झालाय. जागचा हलत नाही आणि स्वतःशी मात्र अखंड फिरतो, हे तर मामाजींचं रात्री दोन वाजताचं वर्णन झालं. म्हणे वरच्या ढगांपाशी उणे 140 अंशांच्या आसपास थंडी, पण सूर्याकडून जितकी ऊब घेतो त्याहून जास्त तो बाहेर टाकतो. हे ऐकून सासूबाईंनी पदर तोंडाला लावला.

मामाजींनी डोळा लावला तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. पोरगा बिचारा घाबरला, मी त्याला मागून खूण केली की हे चांगलं लक्षण आहे. मग ते बाजूला झाले आणि त्यांनी चौकशी केली, ‘एकटाच रायते का हा?’

‘नाही बाबूजी,’ पोरगा खुलला. ‘सगळ्यात मोठं कुटुंब याचंच. 2025 मध्ये एकदम 128 नवे चंद्र नोंदवले. आता एकूण 274!’

मामाजींनी पोराकडे बघितलं, मग वर आकाशाकडे, मग पुन्हा पोराकडे.

‘दोनशे चौऱ्याहत्तर,’ ते म्हणाले. ‘राशनकार्डावर नावं चढवली का सगळ्यायची?’